कोरलच्या जाड कोंबड्या

कोरल पास्कोच्या कोंबड्या अख्ख्या ट्रेलोर गावात सगळ्यांत जाड होत्या, आणि त्याचं कारण फक्त मला माहीत होतं. लोकांना वाटायचं, जात चांगली असेल. एकाने तर तिच्याकडून पिल्लं नेली आणि वर्षभर त्यांच्याकडे आशेने बघत राहिला. आता कोरल नाही, रेलीन नाही, कोंबड्या तर कधीच्याच नाहीत. तेव्हा सांगायला हरकत नाही.

मी डॉट. गावच्या बालवाडीत मी मदतनीस होते. म्हणजे नाकं पुसायची, बुटांचे बंद बांधायचे, रंगाचे ब्रश धुवायचे आणि 'मिस डॉट, हा मला चावला' ह्याचा न्यायनिवाडा करायचा. कोरल फक्त बुधवारी यायची, मुलांना बिस्किटं करायला शिकवायला. पगार वगैरे काही नव्हता. तिला मूलबाळ नव्हतं. नवरा लेन धान्याच्या कोठारांवर बार्लीचे ट्रक तोलायला होता. लेन म्हणायचा, "आमच्या घरी दोन गोष्टी रोज ताज्या मिळतात, बिस्किटं आणि बोलणी." दोन्ही त्याने जन्मभर बिनतक्रार खाल्ली.

कोरल लहानखुरी, ताठ. एप्रनला इस्त्री करणारी मी पाहिलेली ती एकच बाई. आमच्याकडे वसंतात शेतकी प्रदर्शन भरतं, त्याला सगळे नुसतं 'शो' म्हणतात. एका शेडमध्ये मेंढ्या असतात, दुसऱ्या शेडमध्ये केक आणि बिस्किटं, आणि खरी भांडणं दुसऱ्या शेडमध्ये होतात. तिथलं अँझॅक बिस्किटांचं, म्हणजे ओट्स-खोबऱ्याच्या खुसखुशीत बिस्किटांचं, पहिलं बक्षीस दर वर्षी कोरलचं. शेजारच्या बर्डेट गावची आयव्ही ट्रेगिया दर वर्षी दुसरी. आयव्ही बक्षीस घ्यायला यायची, कोरलशी हात मिळवायची आणि तिचं बिस्किट उलटं करून बघायची. मग खाली ठेवायची.

बाहेरगावच्या शोंना कोरल परीक्षक म्हणून जायची. तिथे लोक तिला घाबरून असत. बिस्किट उचलायचं, तळ बघायचा, कानाजवळ धरून मोडायचं, की कार्डावर दोन शब्द लिहून पुढे. तिथे आलेल्या आमच्याच पाद्र्याच्या बायकोला तिने तोंडावर विचारलं होतं, "चव बरी आहे हो. पण हे बशीत ठेवायचं की छपरावर घालायचं?" ती बाई तेव्हापासून चर्चमध्ये कोरलच्या दोन बाकं मागे बसायला लागली. पण गावात एक गोष्ट पक्की ठरलेली होती. कोरल कशाहीबद्दल काहीही बोलेल, बिस्किटाबद्दल खोटं बोलणार नाही. स्वतःच्या बिस्किटात तिने खोट काढलेली मात्र मी कधी ऐकली नाही. नसायचीच.

आता बुधवारचं सांगते. मैदा, ओट्स, साखर आणि खोबऱ्याचा कीस मुलांनी वाट्यांनी मोजून मोठ्या भांड्यात टाकायचा. लोणी आणि सोनेरी पाक कोरल गरम करून आणायची. त्यात गरम पाण्यातला खायचा सोडा ओतला की सगळं फसफसून भांड्याच्या काठापर्यंत यायचं आणि मुलं किंचाळायची. दर बुधवारी यायचं, दर बुधवारी किंचाळायची. नंतर आलेल्या आमच्या तरुण बाईंनी, इमोजेनने, भिंतीवर एक तक्ता लावला होता: वाटी मोजणं म्हणजे गणित, सोडा फसफसणं म्हणजे विज्ञान, चमचा पुढच्याला देणं म्हणजे समाजजीवन. कोरलने तो चष्मा लावून वाचला.

"आणि बोटं चाटून परत पिठात घालणं म्हणजे काय?" तिने विचारलं.

"अनुभव," इमोजेन म्हणाली.

"कुणाचा?"

इमोजेनने तक्त्याचा सुटलेला कोपरा नीट चिकटवला.

मग मुलं गोळे वळायची. गोळे म्हणायचं आपलं. प्रत्येकाच्या नावाचा एक कागद ट्रेवर असायचा, त्यावर ज्याने त्याने आपले ठेवायचे. ते झालं की इमोजेन, म्हणजे तिच्या आधी जी कोण असेल ती, मुलांना बाहेर वाळूत खेळायला न्यायची. आणि दार लागलं की कोरल ते सगळे गोळे एका बादलीत ओढायची. बादलीवर फडका टाकायची. फ्रिजमधून आदल्या संध्याकाळी घरी वळलेले स्वतःचे गोळे काढायची आणि त्याच नावांच्या कागदांवर मांडायची. ट्रे ओव्हनमध्ये, बादली कोंबड्यांना.

मुलांना शंका यायची नाही. चार वर्षांच्या माणसाचा ओव्हनवर फार विश्वास असतो. आत ढेकूळ गेलं आणि बाहेर गोल बिस्किट आलं, तर ते ओव्हनचं कामच. उगीच का तो एवढा मोठा आणि गरम असतो?

ह्याची सुरुवात डॅरलपासून झाली. अगदी पहिल्या बुधवारी डॅरल नावाचा एक पोरगा भांड्यात शिंकला. मग त्याच हाताने त्याने पीठ सारखं केलं. मग त्याच्या बोटाची चिकटपट्टी कुठे गेली ते कुणालाच सापडेना. कोरल माझ्याकडे वळून म्हणाली, "डॉट, हे मी कुणाच्या घरी पाठवणार नाही." गल्ली ओलांडून ती घरी गेली आणि स्वतःचे गोळे घेऊन आली. संध्याकाळी डॅरलची आई दारात उभी राहून म्हणाली, "मिसेस पास्को, माझ्या पोराने हे केलं? माझ्या पोराने?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिथून परत फिरायला वाटच राहिली नाही.

असं तीसेक वर्षं चाललं. पुढे शोमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळा विभाग निघाला, आणि त्यातलं बक्षीसही दर वर्षी ट्रेलोर बालवाडीला मिळायला लागलं. गावातली अर्धी माणसं कोरलच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे आमच्या गावात एक चमत्कारिक अभिमान तयार झाला होता. डॅरल आता अग्निशमन दलाचा कॅप्टन, छातीपर्यंत दाढी, त्यातून शो-समितीचा अध्यक्ष. त्याला अंडं उकडता येत नव्हतं. पण पबमध्ये बसला की सांगायचा, "माझ्या हाताला मुळातच चव आहे. चार वर्षांचा असताना केलेली बिस्किटं आईने जपून जपून खाल्ली." त्याची बायको म्हणायची, "तोच हात आहे ना अजून? मग दाखव की." तो म्हणायचा, आता वेळ कुठे आहे.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं.

रेलीन आमच्या पोस्टात होती. ब्रॉनी तिची एकुलती एक. एका बुधवारी ब्रॉनी चार बिस्किटं घेऊन घरी गेली. तीन तिने खाल्ली आणि चौथं बापासाठी ठेवलं. तो कापणीवर होता, उशिरा यायचा. शुक्रवारी ब्रॉनी शेततळ्यात बुडाली. आमच्याकडे शेततळ्यांत मुलं बुडतात, दर वर्षी कुठे ना कुठे. पण म्हणून त्याची सवय होत नाही. बाप पुढे पर्थकडच्या खाणीत कामाला गेला तो गेलाच. बिस्किट राहिलं. अँझॅकमध्ये अंडं नसतं, ते टिकतं. लढाईवरच्या पोरांना घरून बोटीने अशीच टिकाऊ बिस्किटं जायची. रेलीनने ते पातळ कागदात गुंडाळून चहाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं. घरी कोणी गेलं की ती डबा उघडायची.

"माझ्या ब्रॉनीच्या हातचं आहे. बघा किती गोल वळलंय."

कोरललाही तिने दाखवलं. कोरल चहा अर्धा टाकून घरी आली आणि मागच्या पायरीवर बसून रडली. लेन कुंपणावरून मला हाक मारून म्हणाला, "डॉट, जरा ये बाई. मला ह्यातलं काही कळत नाही."

मी तिला सांगितलं, "बंद कर हे आता. पोरांची बिस्किटं पोरांना देऊन टाक."

"आता कसं बंद करू?" ती म्हणाली. "उद्या पोरं घरी चिखलाची ढेकळं घेऊन गेली, की लोक विचारतील, मग आधीची कुणाची होती? आणि रेलीन काय बहिरी आहे?"

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ कोरलची होती, पण तिच्या आत जे होतं ते रेलीनचं होतं. त्यानंतरच्या अकरा-बारा वर्षांत कोरलने एकही बुधवार चुकवला नाही. लेन गेला त्या आठवड्यातसुद्धा ती फ्रिजमध्ये गोळे ठेवून गेली. आधी हे सगळं ती आपल्या नाकासाठी करायची. नंतर त्या एका डब्यासाठी करत होती, आणि त्यात तिला कसलाही आनंद मिळत नव्हता.

मग बर्डेटवाल्यांनी तक्रार केली. डॅरल ती घेऊन बालवाडीत आला आणि मुलांच्या खुर्चीवर बसला. मावला नाही, पण बसला.

"मिस कोरल, बर्डेटवाले म्हणतात, चार वर्षांची पोरं असली बिस्किटं करूच शकत नाहीत."

"मग?"

"मग मी म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला? ह्या वर्षी पोरं शेडमध्येच करतील, सगळ्यांसमोर. त्यांची पण आणि आपली पण. परीक्षक आयव्ही ट्रेगिया. म्हणजे नंतर कुणी बोलायला नको."

"हे कुणी ठरवलं?"

"मीच ठरवलं!" डॅरलचा चेहरा फुलला होता. "तुमच्या नावाचा प्रश्न आहे, मिस कोरल. एकदाची त्यांची तोंडं बंद होतील."

कोरलने एप्रनला हात पुसले. "डॅरल, तू लहानपणीही असाच होतास."

"कसा?"

"मदत करायचास."

तो खूश होऊन गेला. खुर्ची त्याच्याबरोबर दारापर्यंत गेली.

कोरल समितीपुढे जाऊन भांडली. शेडमधले ओव्हन धोक्याचे आहेत म्हणाली. अग्निशमन दलाचा कॅप्टन स्वतः तिथे उभा राहील असं डॅरलने वचन दिलं. म्हणून मग, तीस वर्षांत पहिल्यांदा, कोरल मुलांना खरोखर बिस्किटं करायला शिकवायला लागली. मुलं आपली नेहमीसारखीच होती. शेली नावाची एक चुणचुणीत पोरगी होती, तिचे गोळे त्यातल्या त्यात गोळ्यांसारखे दिसायचे, पण ती त्यांना बोटाने डोळे पाडायची आणि डोळे पाडल्यावर चापट मारायची. एकजण साखर घालायच्या ऐवजी खायचा. त्या बुधवारी ओव्हनमधून जे निघालं त्यातलं एक बिस्किट ट्रेवरून ओघळून ओव्हनच्या तळाला जाऊन भाजलं होतं.

"आज केवढं शिकली मुलं!" इमोजेन म्हणाली.

"काय शिकली?"

"प्रयत्न करायला."

"प्रयत्न चहात बुडवून खाता येत नाही, बाई," कोरल म्हणाली, आणि इमोजेन वाळूतल्या मुलांना आणायला गेली तेवढ्यात घरी न्यायच्या पिशव्यांत पुन्हा स्वतःचीच बिस्किटं भरली.

रेलीनला आधीच गाठून खरं सांगून टाकावं, शेडमध्ये चारचौघांत तिच्या कानावर पडायला नको, असं मी म्हटलं. कोरलला पटलं. ती रेलीनकडे गेली, पावसाबद्दल बोलली आणि पिशवीभर लिंबं घेऊन परत आली. पुन्हा गेली, पुन्हा लिंबं घेऊन आली. तिसऱ्या खेपेनंतर तिने मुरंबा केला.

शोच्या दिवशी शेड गच्च भरली होती. एका बाजूला चहाच्या मोठ्या बंबापाशी रेलीन कप भरत होती. ते काम दर वर्षी तिचंच असायचं. मधल्या लांब टेबलांवर एकीकडे बर्डेटची पोरं, एकीकडे आमची, सगळी एप्रन घातलेली. डॅरल पूर्ण गणवेशात, हातात वाळूची बादली. सोडा फसफसला तेव्हा मुलं किंचाळली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढा एक क्षण चांगला गेला.

मग ट्रे बाहेर आले. आमची बिस्किटं एकमेकांना चिकटून त्यांची एक लादी झाली होती, मधे कच्ची आणि कडेला काळी. बर्डेटच्या पोरांचीही तशीच झाली होती, पण त्यांची दर वर्षी तशीच होत, त्यामुळे त्यांच्या आया निवांत होत्या. आमच्या लोकांनी ट्रेकडे बघितलं आणि मग एकमेकांकडे.

"ओव्हन अनोळखी आहे," डॅरल मोठ्याने म्हणाला.

"शेडमध्ये वारा फार येतो," आणखी कुणीतरी म्हणालं.

"नाचता येईना अंगण वाकडं!" बर्डेटचा एक माणूस मागून ओरडला, आणि त्यांची सगळी बाजू हसली.

आयव्हीला हसू आलं नाही. ती ट्रेसमोर वाकून बघत होती. "ही चार वर्षांच्या मुलांची बिस्किटं आहेत," ती म्हणाली. "मग आजवर यायची ती कुणाची होती?"

कोरलला काही बोलायची गरज नव्हती. ओव्हन होता, वारा होता, गर्दी होती. गावाला ह्यातलं काहीही चाललं असतं. मी तिच्या शेजारीच उभी होते. मनातल्या मनात मी तिला म्हणत होते, गप्प बस, ओव्हनवर ढकल. ती बंबाकडे बघत होती. आणि तेवढ्यात शेलीने तिचा एप्रन ओढला.

"मिस कोरल, बालवाडीत माझी गोल होतात. आज मी काय केलं?" तिने लादीकडे बोट दाखवलं. "मी वाईट झाले का?"

लोक हसले होते ते मुलांनी ऐकलं होतं. साखर खाणारा पोरगाही रडायला लागला होता. त्याने तर कधी नव्हे ते साखर भांड्यात घातली होती.

कोरल खाली वाकली. "तू काही चुकली नाहीस. तुझी नेहमी अशीच होतात. ती गोल असायची ना, ती माझी होती." मग ती सरळ झाली आणि परीक्षकाच्या आवाजात सगळ्यांना म्हणाली, "ऐकलं का? मुलांना हसू नका. त्यांनी आज अगदी नेहमीसारखीच केली आहेत. आजवर मीच बदलत आले. मुलांची माझ्या कोंबड्यांनी खाल्ली."

बाहेर एक मेंढी ओरडत होती.

"माझीसुद्धा?" डॅरलने विचारलं.

"तुझी तर सगळ्यांत पहिली. तुझ्यात चिकटपट्टी होती."

ह्यावर हशा पिकला, आणि आमचेच लोक जास्त हसले. पितळ उघडं पडलं होतं, पण गाव तसं सुटल्यासारखं झालं होतं. डॅरलची बायको तर डोळे पुसत होती. मग चहाचा आवाज आला. बंबाची तोटी उघडी राहिली होती, कप भरून चहा जमिनीवर सांडत होता आणि रेलीन तिथे नव्हती.

तिचं घर मैदानाच्या फाटकासमोरच. ती काय आणायला गेली असेल ते मला कळलं आणि कोरललाही. मी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

रेलीन डबा घेऊन आली. लोकांनी आपण होऊन वाट दिली. आमच्या गावातल्या प्रत्येकाने तो डबा पाहिलेला होता. तिने तो कोरलसमोर टेबलावर, त्या करपलेल्या लादीशेजारी ठेवला आणि झाकण काढलं.

"हेही?"

कोरलने चष्मा लावला. कागद उलगडून बिस्किट तळहातावर घेतलं. मी तिच्या खांद्याला खांदा लावून उभी होते, म्हणून शपथेवर सांगते. काठोकाठ गोल, वर सगळीकडे सारख्या बारीक भेगा. तिने ते उलटं केलं. तळ एकसारखा बदामी, कुठे डाग नाही. इतक्या वर्षांनीसुद्धा ते बिस्किट शोमध्ये पहिलं आलं असतं.

"तळ जास्त झालाय," कोरल म्हणाली. "एक कड जाड आहे, एक पातळ. गोळा धड वळलेला नाही. असलं बिस्किट माझ्या हातून कधी जायचं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? तिचंच आहे. ट्रेपाशी घोटाळत राहायची ती, वाळूत जायचीच नाही. माझी नजर चुकवून तिचं एक राहून गेलं असणार."

रेलीनचा आवाज अगदी खाली गेला होता. "इतकी वर्षं तू सगळ्या गावाला फसवलंस. मग आत्ता तू खरं बोलतेयस हे मी कशावरून मानू?"

तिने कोरलच्या तळहातावरून बिस्किट उचलून डब्यात ठेवलं. रेलीनने डबा उचलला आणि तो आयव्ही ट्रेगियापुढे ठेवला.

"तुम्ही परीक्षक आहात," ती म्हणाली. "तुम्ही सांगा. हे हिचं आहे की माझ्या मुलीचं?"

मी डोळे मिटून घेतले असते, पण मिटवेनात. आयव्हीने वीस वर्षं दुसरं बक्षीस घेतलं होतं. कोरलचं बिस्किट तिच्याइतकं कुणीच उलटंसुलटं करून बघितलेलं नव्हतं. तिने ते हातात घेतलं. तळ बघितला, कड बघितली, अंगठ्याने कडेवरून एक फेरा मारला. मग चष्म्यावरून कोरलकडे बघितलं. कोरल तिच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे मी तिच्या चेहऱ्यावर कधीच बघितलं नव्हतं. ती विनवत होती.

"तळ जास्तच झालाय," आयव्ही म्हणाली. "कडेचंही बरोबर आहे. कोरलचं बिस्किट मी डोळे बांधूनही ओळखीन. हे तिचं नाही." तिने ते दोन्ही हातांनी कागदात गुंडाळून परत डब्यात ठेवलं. "पण वळलंय छान हं, पोरीने. वयाच्या मानाने."

रेलीनने डबा छातीशी धरला. मग ती आयव्हीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. आयव्ही तिच्या पाठीवर थोपटत राहिली. असल्या गोष्टींची आयव्हीला सवय नव्हती, त्यामुळे ती जरा जोरातच थोपटत होती.

वीस वर्षांत आयव्हीला कोरलच्या बिस्किटात खोट सापडली नव्हती. त्या दिवशी सापडली.

टेबलाजवळ उभे होते त्या सगळ्यांनी ते बिस्किट बघितलं होतं. शेतकरी माणसं, त्यांना दिसतं. डॅरलने आपली टोपी काढली, परत घातली आणि उगीचच खुर्च्या आवरायला लागला, दाणदाण आवाज करत. मग सगळेच खुर्च्या आवरायला लागले, कार्यक्रम अर्धा व्हायचा होता तरी. बक्षीस बर्डेटला गेलं, आणि ते रास्तच होतं.

घरी जाताना गाडी मी चालवत होते. कोरल मांडीवर बादली घेऊन बसली होती, बादलीत ती लादी.

"तळ अगदी बरोबर होता, डॉट," ती मध्येच म्हणाली.

"बघितलं मी."

"कडसुद्धा."

"हो."

"माझ्या हातून झालेलं सगळ्यांत चांगलं बिस्किट असेल ते. आणि मी त्याला जाड-पातळ म्हणाले." मग ती रडली, कोठारांपासून गल्लीच्या तोंडापर्यंत. मीही रडत होते, म्हणून गाडी हळू घेतली.

त्यानंतर बुधवारी मुलांची बिस्किटं मुलांच्याच घरी जायला लागली. आईबापांनी ती मुलांसमोर खाल्ली, त्याला इलाज नव्हता. डॅरलची मुलगी बालवाडीत आली तेव्हा तिच्या पहिल्या बिस्किटातून त्याने दातांत अडकलेलं काहीतरी काढलं, खिशात टाकलं आणि म्हणाला, "वा! माझ्यावर गेलीय." कोरलच्या कोंबड्या हळूहळू बारीक झाल्या. ज्याने पिल्लं नेली होती तो म्हणाला, जात उतरली.

रेलीन कोरलच्या आधी गेली, छातीच्या दुखण्याने. डबा आपल्याबरोबर ठेवावा असं तिने सांगून ठेवलं होतं, आणि ते कोरलनेच करावं असंही. आम्ही दोघी गेलो. कोरलने डबा तिच्या हातांखाली नीट बसवला. मी हळूच म्हटलं, "झाकण उघडून एकदा बघून घे. परत काही दिसायचं नाही."

कोरलने माझ्याकडे रागाने बघितलं.

"दुसऱ्याचं बिस्किट आहे, डॉट," ती म्हणाली. "मी कशाला बघू?"